सिंहावलोकन : गीरच्या सिंहांचे आणि त्यांच्या रक्तातील इतिहासाचे

वाटचालीच्या एखाद्या टप्प्यावर थांबून मागे वळून पाहण्याला आपल्या भाषेत एक देखणा शब्द आहे : सिंहावलोकन. सिंह चालता चालता मध्येच थांबतो, मान वळवून आलेली वाट निरखतो आणि मग पुढे निघतो, अशी त्या शब्दामागची कल्पना. हीरकमहोत्सवी ग्रंथात हा शब्द पानोपानी भेटावा, हे साहजिकच आहे. परंतु ज्या प्राण्याच्या सवयीवरून तो आला, त्या प्राण्याच्या वाटचालीकडे मात्र सहसा कोणी मागे वळून पाहत नाही.

आशिया खंडात सिंह आज वन्य स्थितीत एकाच प्रदेशात उरला आहे, आणि तो म्हणजे सौराष्ट्रातील गीरचे जंगल व त्याच्या आसपासचा मुलूख. गीर अभयारण्य १९६५ साली घोषित झाले, म्हणजे त्याचीही साठ वर्षे पूर्ण झाली. मे २०२५ मधील गणनेत तेथे ८९१ सिंहांची नोंद झाली. एकेकाळी बोटांवर मोजण्याइतके उरलेले सिंह नऊशेच्या घरात पोहोचले, ही भारताच्या वन्यजीवरक्षणातील अभिमानाची गोष्ट आहे. तरीही जाणकारांच्या मनातील चिंता मिटलेली नाही. संख्या वाढली म्हणजे संकट टळले, असे समजणे चूक का ठरते, हे समजून घ्यायचे तर सिंहाचा इतिहास दोन ठिकाणी वाचावा लागतो : एक दप्तरांत आणि दुसरा सिंहाच्या स्वतःच्या रक्तात.

आकसत गेलेले राज्य

प्राचीन काळी सिंहाचे राज्य ग्रीसपासून तुर्कस्तान, इराक व इराणमार्गे थेट बिहारच्या पठारापर्यंत पसरलेले होते. सम्राट अशोकाच्या शिल्पकारांनी सारनाथच्या स्तंभावर चार सिंह कोरले, तेव्हा गंगेच्या खोऱ्याला हा प्राणी परका नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक भारताने तेच शिल्प राजमुद्रा म्हणून स्वीकारले, त्या वेळी मात्र सारनाथपासून शेकडो मैलांच्या परिसरात एकही रानटी सिंह उरला नव्हता.

ही पीछेहाट एका दिवसात झाली नाही. सिंह हा दाट अरण्याचा प्राणी नव्हे. विरळ झाडी, गवताळ माळ आणि झुडपी रान त्याला मानवते. नेमकी हीच जमीन माणसाने नांगराखाली आणि गुरांच्या चराईखाली आणली. मोगल काळात सिंहाची शिकार हा बादशाही मानाचा भाग होता आणि तो हक्क बादशहाकडे राखलेला असे. एकोणिसाव्या शतकात बंदुका सुधारल्या, संख्येने वाढल्या आणि शिकार हा अधिकाऱ्यांचा छंद झाला. वाघ झाडीत दडतो, पण सिंह उघड्यावर, कळपाने आणि बराचसा बेफिकीरपणे वावरतो. त्यामुळे तो बंदुकीच्या टप्प्यात लवकर आला. हरयाणा, दिल्लीचा परिसर, मध्य भारत, राजपुताना असा एकेक मुलूख त्याच्या हातून गेला आणि शतक सरता सरता काठियावाड द्वीपकल्पाबाहेर भारतात सिंह राहिला नाही. इराणमध्ये तो १९४०च्या दशकापर्यंत कसाबसा तग धरून होता, पुढे तेथूनही नाहीसा झाला.

नवाबांचे रान

गीरचा मोठा भाग जुनागढ संस्थानात होता आणि पूर्वेकडचा धारीच्या बाजूचा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांच्या अमरेली प्रांतात मोडत होता. म्हणजे सिंहांच्या या शेवटच्या आश्रयस्थानाच्या एका कडेवर मराठी राजसत्ता नांदत होती. संस्थानांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. माणसांच्या नकाशावरच्या या रेषा सिंहाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जुनागढने आपल्या हद्दीत शिकार रोखली, तरी पलीकडे गेलेल्या सिंहाला संरक्षण देणे जुनागढच्या हाती नव्हते.

जुनागढच्या नवाबांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सिंहांच्या शिकारीवर बंधने घालण्यास सुरुवात केली. त्यानंतर १८९९-१९०० साली विक्रम संवत १९५६चा तो भीषण दुष्काळ आला. गुजरातेत आजही त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. माणसे, गुरे व रानातली जनावरे एकाच वेळी मेली. भक्ष्य संपल्यावर सिंह वस्त्यांवर येऊ लागले, गुरांवर आणि माणसांवरही हल्ले झाले, आणि साहजिकच माणसांनीही सिंह मारले. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना जुनागढकडून सिंहाच्या शिकारीचे आमंत्रण होते. सिंह अत्यल्प उरले आहेत, हे लक्षात आल्यावर त्यांनी ती शिकार नाकारली आणि संरक्षणाचा आग्रह धरला. एका बंदुकीने न झाडलेल्या गोळीची इतिहासात नोंद व्हावी, असे प्रसंग थोडे असतात. त्यांपैकी हा एक होय.

सिंह किती उरले होते? पुस्तकांतून ‘डझनभर’ हा आकडा वारंवार भेटतो. १९१३च्या सुमारास संस्थानच्या वनाधिकाऱ्याने वीसहून अधिक सिंह नसल्याचे कळवले होते. मात्र काही अभ्यासकांना हे आकडे मुद्दाम कमी सांगितलेले वाटतात. मोठमोठ्या पाहुण्यांच्या शिकारीच्या विनंत्या परतवण्यासाठी ‘सिंह उरलेलेच नाहीत’ हे सर्वांत सभ्य उत्तर होते. खरी संख्या काही दशकांत मोजण्याइतकी असावी, असे त्यांचे मत. १९३६च्या गणनेत २८७ सिंह मिळाले, यावरून या मताला बळ मिळते. संख्या डझनभर असो की पन्नास-साठ, मुद्दा एवढाच की आज जिवंत असलेला प्रत्येक आशियाई सिंह त्या मूठभरांचा वंशज आहे.

स्वातंत्र्यानंतर नवाब पाकिस्तानात गेले आणि गीर आधी सौराष्ट्र राज्याकडे व पुढे गुजरातकडे आले. १९५० साली विंटर-ब्लाइथ आणि धर्मकुमारसिंहजी यांच्या गणनेत संख्या २१९ ते २२७च्या दरम्यान आली. १९६८च्या गणनेत मात्र ती १७७वर घसरलेली आढळली. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या हे खरे, पण जंगलाची अवस्थाही बिकट होती. गुरांनी गवत फस्त केले होते, हरणे विरळ झाली होती आणि त्या काळातील अभ्यासांनुसार सिंहांचे बहुतांश भक्ष्य पाळीव गुरे हेच होते. १९७२पासून सरकारने विशेष योजना हाती घेतली, १९७५ साली जंगलाच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि शेकडो मालधारी कुटुंबांना आपल्या ‘नेसां’तून, म्हणजे जंगलातील वस्त्यांतून, बाहेर यावे लागले. गवत परतले, चितळांचे कळप परतले आणि त्यांच्यामागोमाग सिंहांची संख्या चढू लागली : १९७९ साली २०५, १९९० साली २८४, २००५ साली ३५९, २०१५ साली ५२३, २०२० साली ६७४. या चढत्या आकड्यांमागे वनरक्षकांचे कष्ट आहेत, तसा आपली गुरे गमावूनही सिंहाशी वैर न धरणाऱ्या पशुपालकांचा आणि शेतकऱ्यांचा संयमही आहे.

ओव्यांचे गाव

आता इतिहासाच्या दुसऱ्या दप्तराकडे वळू. प्राण्यांची संख्या एकदा घसरून पुन्हा वाढली, तर काहीच बिघडले नाही, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात काय घडते, ते एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल.

एखाद्या गावात शंभर बायका आहेत आणि त्यांना मिळून जात्यावरच्या हजार ओव्या पाठ आहेत, असे समजू. काही ओव्या सगळ्यांना येतात, काही दहा-वीस जणींना आणि काही केवळ एखाद्या आजीला. गावावर साथ आली आणि दहाच बायका वाचल्या. सर्वांना येणाऱ्या ओव्या वाचतील, पण एकट्या आजीला येणाऱ्या बहुतेक ओव्या तिच्याबरोबर जातील. पुढे त्या दहा जणींच्या लेकी-नातींनी गाव भरेल, हजार बायका जात्यावर बसतील, परंतु हजार कंठांतून त्याच त्या ओव्या ऐकू येतील. गाव परत आले, पण गाणे परत आले नाही.

जनुकांचे नेमके असेच असते. प्रत्येक जनुकाचे अनेक पर्यायी प्रकार एखाद्या प्राणिसमूहात विखुरलेले असतात. एक प्रकार एखाद्या रोगाला तोंड देण्यास उपयोगी, दुसरा उपासमार सोसण्यास, तिसरा आज निरुपयोगी पण उद्या कदाचित जीवनदायी. या विविधतेलाच जनुकीय विविधता म्हणतात. निसर्गाची निवड तिच्यातूनच होते, कारण निवडायला काही असावे लागते. दुष्काळ, साथ किंवा शिकार यांमुळे समूह एकदम लहान झाला, की निमुळत्या मानेच्या सुरईतून जाताना धान्य अडावे, तसे अनेक जनुकप्रकार मागे राहतात. कोणते वाचावे, हे त्या वेळी गुणांवर ठरत नाही. बऱ्याचदा ते केवळ योगायोगावर ठरते.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. प्रजननात भाग घेणारे दहाच प्राणी उरले, तर दर पिढीला शिल्लक विविधतेपैकी सुमारे ५ टक्के नाहीशी होते. शंभर असतील तर अर्धा टक्का. म्हणजे एखाद-दुसऱ्या पिढीपुरता समूह लहान झाला आणि लगेच वाढला, तर हानी थोडी. पण तो पिढ्यानुपिढ्या लहानच राहिला, तर गळती थांबत नाही. संकट किती खोल होते, यापेक्षा ते किती काळ टिकले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. सिंहांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कळपातील माद्यांवर एक-दोन बलवान नरांचाच हक्क असतो. त्यामुळे गणनेत शंभर सिंह दिसले, तरी पुढच्या पिढीला आपले रक्त देणारे त्याहून पुष्कळ कमी असतात.

समूह लहान झाला की नात्यातील नर-मादी एकत्र येणेही टळत नाही. लग्न जमवताना सगोत्र टाळण्याची आणि मुलगी दूरच्या गावी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. रानातही तरुण नर कळप सोडून दूर जातो, त्याचे एक फळ हेच असते. परंतु दूर जायला जागाच नसेल, तर वाट फिरून घराशीच येते. मग एरवी दबून राहिलेले दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन उघड होतात.

रक्तातली बखर

१९८०च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गीरच्या सिंहांचे रक्त तपासले. प्रथिनांच्या ४६ ठिकाणांवर त्यांनी फरक शोधला आणि एकाही ठिकाणी त्यांना फरक सापडला नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ठिकाणच्या सिंहांची तुलना होती. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या विशाल मैदानावरील सिंहांच्या शुक्रजंतूंत सुमारे २५ टक्के सदोष होते, शेजारच्याच एन्गोरोंगोरो विवरातील सिंहांत सुमारे ५० टक्के, आणि गीरच्या सिंहांत सुमारे ६६ टक्के.

विवरातील सिंहांची कथा येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९६२ साली तेथे चावऱ्या माश्यांचा असा उद्रेक झाला की साठ-सत्तर सिंहांपैकी दहाच्या आसपास वाचले. बाहेरून काही नर आले, संख्या पुन्हा सावरली, पण नंतरचे सर्व सिंह अवघ्या पंधरा पूर्वजांचे वंशज होते. विवराच्या कड्यांनी त्यांचे जग बंदिस्त केले. संख्या सावरली, तरी त्या घटनेची खूण पंचवीस वर्षांनीही त्यांच्या शरीरात वाचता येत होती.

गीरच्या बाबतीत मात्र बखरीने अभ्यासकांपुढे एक कोडे टाकले. १९००च्या सुमारास केवळ दहा सिंह उरले होते आणि तीन पिढ्या ते तेवढेच राहिले, असे मानले, तरी वरच्या गणिताने विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग वाचायला हवा होता. प्रत्यक्षात तर ती जवळजवळ दिसतच नव्हती. मग नवाबाच्या काळातील संकट हे एकमेव कारण कसे असेल? पुढे डीएनएच्या आधारे केलेल्या अभ्यासांत गीरच्या सिंहांची ही अरुंद वाट एक ते चार हजार वर्षांपूर्वीइतकी जुनी असावी, असा अंदाज निघाला. म्हणजे कर्झनच्या कितीतरी आधी, कदाचित अशोकाचे शिल्पकार दगडावर आयाळ कोरीत होते त्याच्याही आधी, हा समूह इतरांपासून तुटून आकसू लागला असावा. दप्तरातील इतिहास सव्वाशे वर्षे मागे नेतो, तर रक्तातील इतिहास सहस्रकांमागे. दोन्ही खरे आहेत, कारण पहिल्याने सांगितलेला आघात दुसऱ्याने सांगितलेल्या दीर्घ क्षीणतेवर झाला.

हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात वेगळ्या तंत्राने केलेल्या तपासणीत काही विविधता शिल्लक असल्याचे दिसले, हेही नमूद केले पाहिजे. तपासण्याची भिंगे बदलली की चित्राचे बारकावे बदलतात. तरी अलीकडे संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनातूनही भारतीय सिंहांची विविधता आफ्रिकेच्या तुलनेत अत्यंत तुटपुंजी असल्याचेच आढळले आहे.

अशा क्षीण रक्तात नवे रक्त मिसळावे का, हा प्रश्न सोपा नाही. पंजाबात चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आफ्रिकी आणि आशियाई सिंहांचा संकर झाला. थोड्याच जनावरांपासून वाढलेली ती संतती आजारी व दुर्बळ निघू लागली आणि अखेर त्यांचे प्रजनन थांबवावे लागले. याउलट अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, वीस-तीसवर आलेल्या पँथरांच्या समूहात १९९५ साली टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. वाकड्या शेपट्या आणि प्रजननदोष कमी झाले आणि संख्या शंभराच्या पुढे गेली. म्हणजे नवे रक्त कोठून, किती आणि कशा रीतीने यावे, यावरच फळ अवलंबून असते.

गेंडा, वाघ आणि दूरदेशी गेलेल्या लेकी

संकटातून गेलेल्या प्रत्येक प्राण्याची कथा सिंहासारखीच असते असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आसामातील काझीरंगात एकशिंगी गेंडे फारच थोडे उरले होते. २०२२च्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे मोजले गेले. नेपाळच्या चितवनमध्ये १९६०च्या दशकात गेंडे शंभराहूनही कमी झाले होते, तरी नंतरच्या तपासणीत त्यांच्यात विविधता भरपूर सापडली. गेंड्याची पिढी दीर्घ असते, संकट अल्पकाळ टिकले आणि त्याआधीचा समूह मोठा होता. म्हणून ओव्या विसरल्या जाण्यापूर्वीच गाव पुन्हा भरले.

ओडिशातील सिमिलीपालचे उदाहरण याच्या उलट आहे. तेथील काही वाघांच्या अंगावरचे काळे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ जवळजवळ काळाच दिसतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली यामागचा एका जनुकातील बदल शोधून काढला. तेथील तपासलेल्या वाघांपैकी सुमारे एकतृतीयांश वाघांत दिसणारा हा रंग भारतातील इतर वन्य वाघांत जवळजवळ आढळत नाही. सिमिलीपालचा समूह लहान आणि एकाकी पडल्यामुळेच एक दुर्मीळ प्रकार तेथे सर्रास झाला. पाहणाऱ्याला काळा वाघ हे नवल वाटते, अभ्यासकाला ती एकाकीपणाची खूण दिसते.

यावर उपाय म्हणून २०२४च्या अखेरीस ताडोबाच्या परिसरातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला पाठवण्यात आल्या. झीनत तर नव्या घरात न रमता झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालपर्यंत भटकली आणि डिसेंबरअखेर तिला पकडून परत आणावे लागले. चंद्रपूरच्या जंगलातल्या या लेकी ओडिशाच्या सासरी गेल्या, त्या तेथील घराण्यात नवी ओवी नेण्यासाठी. दूर राज्यात संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना या कथेचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

एकच घर

सिंहाला मात्र अशी दुसरी माहेरे-सासरे नाहीत. सगळे सिंह एकाच प्रदेशात आहेत आणि बहुतांश एकसारख्या जनुकांचे आहेत. एका सिंहाला लोळवणारा रोग दुसऱ्याला सोडील, ही आशा विविधतेवर उभी असते. १९९४ साली सेरेंगेटीत कुत्र्यांपासून आलेल्या डिस्टेंपर विषाणूने सुमारे एकतृतीयांश, म्हणजे जवळपास हजार सिंह मारले. तो समूह मोठा आणि विविध होता, म्हणून सावरला. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या पूर्व भागातील दलखाणिया परिसरात तीन आठवड्यांत २३ सिंह मृत्युमुखी पडले आणि त्यांच्यांत तोच विषाणू सापडला. जेथे हे घडले तो धारीचा मुलूख म्हणजे पूर्वीच्या गायकवाडी अंमलातील गीरची पूर्व कड. आजारी सिंह वेगळे काढून, परदेशातून लस मागवून साथ आटोक्यात आणली गेली. इशारा मात्र स्पष्ट होता.

दुसरे घर वसवण्याचा विचार नवा नाही. १९५७ साली वाराणसीजवळच्या चंद्रप्रभा अभयारण्यात एक नर आणि दोन माद्या सोडल्या होत्या. त्यांची संख्या ११पर्यंत वाढली आणि १९६५नंतर ते सारे नाहीसे झाले. तीन जीवांवर वंशाचा भार टाकणे किती धोक्याचे, हे त्या प्रयोगाने दाखवले. पुढे १९९०च्या दशकात मध्य प्रदेशातील कुनोची निवड झाली. सिंहांसाठी जागा व्हावी म्हणून २४ गावांतील सुमारे दीड हजार कुटुंबे, बहुतांश सहरिया आदिवासी, आपली शेतेभाते सोडून जंगलाबाहेर गेली. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत काही सिंह कुनोला नेण्याचा आदेश दिला. गुजरातचे म्हणणे असे की सिंह राज्यातच सुरक्षित आहेत, गीरबाहेरही त्यांचे अनेक गट नांदत आहेत आणि कुनोची परिस्थिती त्यांना अनुकूल नाही. सिंह कुनोला गेलेच नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी तेथे नामिबियातून आठ चित्ते आले. योगायोग असा की चित्ता हाच जनुकीय दारिद्र्याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. नातेसंबंध नसलेल्या चित्त्यांनी एकमेकांच्या त्वचेचे कलम आपलेच म्हणून स्वीकारले होते, इतकी त्यांची जनुके सारखी.

ज्यांनी घरे रिकामी केली, त्यांना ज्या पाहुण्याचे नाव सांगितले होते, तो आजवर आलेला नाही. या प्रश्नाची ही मानवी बाजू विसरता कामा नये. गीरमधून बाहेर आलेले मालधारी असोत की कुनोचे सहरिया, एका प्राण्याचा वंश वाचवण्याचे मोल सर्वांत आधी गरिबांनी मोजले आहे.

दरम्यान सिंहांनी आपला मार्ग काही प्रमाणात स्वतःच शोधला आहे. २०२३ साली पोरबंदरजवळच्या बरडा टेकड्यांत एक नर आपल्या पायांनी चालत पोहोचला. एकोणिसाव्या शतकानंतर तेथे सिंह दिसण्याची ती पहिलीच वेळ. २०२५च्या गणनेत बरड्यात १७ सिंह मोजले गेले. एकूण सिंहांपैकी निम्म्याहून अधिक आता मूळ अभयारण्याबाहेर, शेतांच्या, किनाऱ्याच्या आणि गावांच्या सान्निध्यात राहतात. उघड्या विहिरी, पिपावाव बंदराकडे जाणारी रेल्वे आणि गावोगावची मोकाट कुत्री हे त्यांचे नवे वैरी आहेत. बरडा हे घराचेच अंगण म्हणावे लागेल, कारण गीरची साथ तेथवर पोहोचणे अवघड नाही.

सौराष्ट्रात वनखाते पौर्णिमेच्या रात्री सिंहांची नोंद घेते, तिला ‘पूनम अवलोकन’ म्हणतात. चांदण्यात मोजणारे वनरक्षक आकडा सांगतात आणि तो आकडा दर वेळी थोडा वाढलेला असतो. त्या आकड्याचा आनंद अवश्य मानावा. मात्र किती सिंह आहेत, या प्रश्नाशेजारी ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत आणि किती ठिकाणी आहेत, हे दोन प्रश्न नेहमी लिहून ठेवावे लागतील. आकडा पन्नास वर्षांत पाचपट होऊ शकतो, हे गीरने दाखवून दिले. हरवलेली विविधता परत यायला मात्र सहस्रके लागतात. म्हणून जे उरले आहे, ते विखरून सांभाळणे एवढेच माणसाच्या हाती आहे.

सिंहावलोकन म्हणजे केवळ मागे पाहणे नव्हे. सिंह मागे पाहतो, तो पुढची वाट ठरवण्यासाठी. जुनागढच्या रानात एकेकाळी उरलेल्या मूठभर सिंहांनी आपला वारसा पुढे पोहोचवला. आता त्यांच्या वंशजांना दुसरे घर मिळते की नाही, याचे उत्तर देणारी पिढी आज शाळेच्या बाकांवर बसलेली आहे.